मैदानावरील महानाट्य आणि चाकाच्या खुर्चीची जागा

शिवचरित्रावरील एका महानाट्याचे प्रयोग नुकतेच आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या क्रीडांगणावर झाले. जाहिरातीत घोडे, तोफा, भव्य नेपथ्य या नेहमीच्या आकर्षणांच्या खाली ‘दिव्यांग प्रेक्षकांसाठी स्वतंत्र व्यवस्था’ अशी एक ओळ होती. मी अनेक वर्षे चाकाची खुर्ची वापरतो आणि नाटकाची हौस त्याहूनही जुनी आहे, त्यामुळे त्या ओळीच्या भरवशावर तिकीट काढले. अभिनय कसा होता, संवाद किती टाळ्या घेऊन गेले, याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे केवळ त्या व्यवस्थेचे परीक्षण करीत आहे. आयोजकांचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्यांची वागणूक सौजन्याची होती आणि जे चुकले ते एकट्या त्यांच्याकडूनच चुकते असे मुळीच नाही.

अशा प्रयोगाच्या मागे दोन पक्ष असतात. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा आणि कलावंत घेऊन नाट्यसंस्था येते. मैदान, परवानग्या, मांडव, खुर्च्या, शौचालये, वाहनतळ आणि स्वयंसेवक ही स्थानिक आयोजकांची बाजू. चाकाची खुर्ची या दोहोंच्या बरोबर मधल्या फटीत अडकते. नाट्यसंस्था म्हणते, प्रेक्षकांची बैठक आमच्याकडे नाही. आयोजक मांडववाल्याला ‘दिव्यांगांसाठी एक स्टेज बांधून द्या’ एवढा निरोप देतात. आणि मांडववाला, ज्याला हे स्टेज कशासाठी, त्यावर कोण, कसे चढणार हे कोणी सांगितलेलेच नसते, तो सत्काराच्या व्यासपीठासारखे एक व्यासपीठ उभे करून पुढच्या कामाला लागतो. आमच्याकडेही नेमके हेच झाले.

वास्तविक खुल्या मैदानावरच्या नाटकात ही व्यवस्था करणे बांधीव नाट्यगृहापेक्षा कितीतरी सोपे आहे. आपल्याकडील अनेक जुन्या नाट्यगृहांत प्रेक्षागाराकडे जायला पायऱ्या आहेत, आणि त्या काढायच्या तर भिंत फोडावी लागते, अंदाजपत्रक मंजूर व्हावे लागते, वर्षे जातात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मिनॅक नावाचे खुले नाट्यगृह आहे. समुद्राकडे उतरणाऱ्या ग्रॅनाइटच्या कड्यावरच ते घडवलेले असून १९३२ साली तेथे पहिला प्रयोग झाला. तेथल्या बिकट पायऱ्यांबद्दल निदान त्या कड्याला दोष देता येतो. आमच्या क्रीडांगणावर आठवडाभरापूर्वी काहीच नव्हते. सपाट जमीन होती. तिथे जी जी पायरी, जो जो अडसर नंतर दिसला, तो कोणीतरी बांबू, फळ्या आणि सुतळी आणून नव्याने उभा केलेला होता. तोच माणूस त्याच फळ्यांनी तो अडसर टाळूही शकला असता, आणि त्यासाठी फारसा जादा खर्च आला नसता.

तिकीटविक्रीपासून सुरुवात करतो. संकेतस्थळावर सोफा, खुर्ची आणि गॅलरी अशा तीन श्रेणी होत्या. चाकाच्या खुर्चीसाठी चौथा पर्याय नव्हता. दिलेल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत आपुलकीने सांगितले, “तुम्ही या हो, तिथे आल्यावर बघू.” आपुलकीचे हे वाक्य मला सर्वांत जास्त धास्तावते. ‘तिथे आल्यावर बघू’ याचा अर्थ कोणीही काहीही लिहून ठेवलेले नाही, आणि संध्याकाळी दारावर जो उभा असेल त्याच्या स्वभावावर आपली जागा अवलंबून आहे. बरोबर येणाऱ्याला तिकीट लागेल का, तो माझ्या शेजारी बसू शकेल का, या दोन प्रश्नांना फोनवर एक, तिकीटखिडकीवर दुसरे आणि आत तिसरेच उत्तर मिळाले. शेवटी माझा भाचा खुर्चीच्या श्रेणीचे तिकीट घेऊन माझ्यापासून बराच दूर बसला. मध्यंतरात तो येईपर्यंत माझी पाण्याची बाटलीही त्याच्याच पिशवीत होती, हा भाग वेगळा.

वाहनतळाविषयी तक्रार नाही. दरवाजाजवळ आमच्या गाडीला जागा मिळाली आणि तिथला पोलीस कर्मचारी स्वतः पुढे होऊन मागची गाडी थांबवून उभा राहिला. अडचण दरवाजाशी सुरू झाली. गर्दी आवरण्यासाठी बांबूंची नागमोडी रांग केलेली होती आणि तिची रुंदी जेमतेम दोन फूट. साधी घडीची खुर्चीसुद्धा चाकांच्या रिंगेसह सव्वादोन फुटांच्या आसपास भरते, वळणावर तर तिला याहून बरीच जास्त जागा लागते. जागच्या जागी पूर्ण वळायचे तर पाच फूट व्यासाची मोकळी जागा हवी. रांगेतून जाणे अशक्य आहे हे सर्वांना दिसल्यावर शेजारची कनात सोडून मला कलावंतांच्या वाटेने आत घेण्यात आले. मला ती वाट आवडली, कारण तिथे दोन मावळे खुर्चीवर बसून वडापाव खात होते. परंतु कनातीची दोरी सोडायला जो माणूस लागला तो शोधण्यात बराच वेळ गेला, आणि तोवर मी दारातच, सगळ्या गर्दीच्या प्रवाहात आडवा उभा होतो.

पुढे जमीन. क्रीडांगणाचा पृष्ठभाग मुरुमाचा, त्यावर धूळ बसावी म्हणून दुपारी भरपूर पाणी मारलेले, आणि त्या ओल्या मुरुमावर हिरवी मॅट अंथरलेली. चालणाऱ्याला ही मॅट सुखद वाटते. चाकाच्या खुर्चीची पुढची चाके मात्र लहान असतात. मऊ जमिनीत ती रुततात, मॅटची सुरकुती त्यांच्यापुढे गोळा होत जाते आणि खुर्ची पुढे झुकून थांबते. अशा जागी खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यावी लागते, हे माहीत असलेला एकही स्वयंसेवक तेथे नव्हता. त्यात ध्वनियंत्रणेच्या केबली वाटेच्या मधून गेलेल्या आणि त्यांवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. दरवाजापासून बैठकीपर्यंत चार फूट रुंदीचे प्लायवूडचे तक्ते एकापुढे एक टाकले असते तर हा सगळा त्रास वाचला असता, आणि चाकाच्या खुर्चीबरोबर काठी टेकत येणाऱ्या आजोबांनाही, बाबागाडी ढकलणाऱ्या आईलाही ती वाट मिळाली असती. मांडवाच्या कामाला आलेले तक्ते मागे ढीग करून ठेवलेले मी पाहिले.

रुतलेली खुर्ची पाहून चार तरुण धावत आले. “काका, तुम्ही नुसते बसून राहा, आम्ही उचलतो.” येथे थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण खुर्ची उचलणे ही आपल्याकडे मदतीची परिसीमा समजली जाते. पुष्कळ खुर्च्यांचे हात काढता-घालता येण्याजोगे असतात, म्हणजे बिछान्यावर सरकताना अडथळा होऊ नये म्हणून ते वर ओढले की निघतात. एका मुलाने भक्कम धरायला मिळाले म्हणून तो हातच धरला आणि वर उचलला. हात त्याच्या मुठीत आला आणि खुर्ची एका अंगाला कलली. मी पडलो नाही, कारण दुसऱ्या मुलाने चौकट धरलेली होती. त्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला दोष देण्यात काही हशील नाही, त्याला शिकवलेच कोणी? खुर्ची धरायची तर न निघणाऱ्या चौकटीला धरायची, बसलेल्याला विचारून आणि तो सांगेल तशी, एवढे दहा मिनिटांत शिकवता येते. शिवाय विजेवर चालणारी खुर्ची शंभर किलोपर्यंत भरते, त्यात माणूस बसलेला. ती कोण उचलणार? ज्या व्यवस्थेचा सारा भार उचलण्यावर आहे, तिच्यात असा प्रेक्षक गृहीतच धरलेला नसतो.

आता त्या ‘स्वतंत्र व्यवस्थे’कडे वळतो. मैदानाच्या डाव्या बाजूला, सोफ्यांच्या रांगांमागे, जमिनीपासून दोन फूट उंच असे लाकडी व्यासपीठ होते आणि त्याला आठ फूट लांबीचा उतार जोडलेला होता. उताराचे साधे गणित असे आहे की एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. आपल्याकडील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांतही एकास बारा हेच प्रमाण आहे. दोन फुटी व्यासपीठाला म्हणजे चोवीस फुटांचा उतार पाहिजे होता. आठ फुटांत तो एकास चार होतो, आणि एकास चार उतारावर स्वतःच्या हातांनी खुर्ची चढवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ढकलणारे दोघे असले तरी वर जाताना खुर्ची मागे उलटू पाहते, आणि खाली येताना पाठमोरेच उतरावे लागते. या उतारावर वर लाल गालिचा ठोकलेला होता, चाके त्यावर घसरत होती. बाजूंना कठडा नव्हता, चाक कडेवरून जाऊ नये म्हणून लागणारी तीन-चार इंचांची आडवी पट्टीही नव्हती. उताराच्या पायथ्याशी फळीची जाडी तशीच उभी राहिलेली असल्यामुळे चढण सुरू होण्यापूर्वीच एक ठोकर होती. चोवीस फूट जागा नव्हती असेही नाही. व्यासपीठाच्या मागे प्रायोजकांच्या फलकांची लांबलचक भिंत होती, तिच्या कडेने उतार सहज नेता आला असता.

व्यासपीठाची उंची मात्र अचूक होती, हे श्रेय दिलेच पाहिजे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असतात. दोन फूट चढवले की समोर कोणी उभे राहिले तरी बहुधा डोक्यांवरून पाहता येते. ज्याने ही उंची ठरवली त्याने विचार केला होता, किंवा त्याच्या फळ्याच तेवढ्या होत्या. पण मग त्या उंचीवर पाणी कसे फिरले तेही पाहा. कोणी खाली पडू नये म्हणून व्यासपीठाच्या पुढच्या कडेला आडवा बांबू बांधलेला होता, तो उभ्या माणसाच्या छातीला लागेल अशा बेताने. बसलेल्या माणसाच्या तो थेट डोळ्यांवर येतो. मान खाली घातली की बांबूखालून अर्धे नाटक, मान वर केली की बांबूवरून उरलेले अर्धे. दरबारात सिंहासन बांबूच्या वर आणि मुजरा बांबूच्या खाली. गुडघ्याइतक्या उंचीवर एक आडवा बांबू आणि चाके अडतील अशी कडेला पट्टी, एवढ्याने काम झाले असते. पुढच्या निम्म्या भागात चित्रीकरणाचा कॅमेरा आणि त्याचे तिघे चालक होते, तेही उभे.

आणि मग राज्याभिषेक. या प्रसंगाला मैदान उठून उभे राहणार हे नाटक बसवणाऱ्यांना ठाऊक असते. प्रसंगाची बांधणीच त्यासाठी असते. लोक उभे राहिले, पाठोपाठ मागचे खुर्च्यांवर चढले, पुढे मोबाइल उंचावले गेले. चौघडा, तुताऱ्या, घोषणा, वर उडालेल्या दारूकामाचा उजेड, हे सारे माझ्यापर्यंत पोचले. महाराज सिंहासनावर आरूढ झालेले दिसले नाहीत. तीन तासांच्या खेळाचा जो कळस, तेवढाच वगळून बाकीचे तिकीट मला विकले गेले असे म्हणावे लागेल. लोकांनी उभे राहू नये असे माझे म्हणणे नाही, मलाही उभे राहता आले असते तर मी पहिला उठलो असतो. व्यासपीठाच्या समोरून रंगमंचापर्यंत एक तिरकी पट्टी मोकळी सोडणे, म्हणजे त्या पट्टीत खुर्च्याच न मांडणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. मान्यवरांच्या सोफ्यांसमोर अशी मोकळी जागा सोडलेली होतीच.

जत्रेतल्या दशावतारात किंवा देवळाच्या मांडवात बैठक जमिनीवर असते, तेव्हा हाच प्रश्न उलटा होतो, हे जाता जाता नोंदवतो. तिथे चाकाच्या खुर्चीतला माणूसच सर्वांत उंच असतो, मागच्यांना अडथळा नको म्हणून त्याला कडेला किंवा अगदी मागे सारले जाते, आणि तोही संकोचाने जातो. दोन्हीकडे जागा आधी आखलेली असली की कोणाचीच पंचाईत होत नाही.

संध्याकाळचा सर्वांत चांगला अनुभव घोड्यांमुळे मिळाला. घोडदळाचा प्रवेश डाव्या दरवाजातून, आमच्या व्यासपीठाच्या अगदी कडेने होता. प्रवेशाच्या थोडे आधी नाट्यसंस्थेचा एक माणूस, डोक्याला मुंडासे आणि हातात वॉकीटॉकी, आमच्याकडे आला, खाली वाकून डोळ्याला डोळा भिडवून त्याने प्रत्येकाला सांगितले की घोडे कोणत्या बाजूने येतील, आवाज किती मोठा होईल, ब्रेक लावून ठेवा आणि हात चाकांबाहेर ठेवू नका. माझ्या शेजारच्या मुलीला आवाजाची भीती वाटते असे तिच्या आईने सांगताच त्याने त्यांना पलीकडच्या कोपऱ्यात हलवायला मदत केली आणि घोडे जाईपर्यंत स्वतः कडेला उभा राहिला. घोडे चार-पाच हातांवरून दौडत गेले. ओल्या मुरुमाचे शिंतोडे माझ्या गुडघ्यावर उडाले, घोड्याच्या घामाचा वास आला, आणि पुढच्या स्वाराच्या लगामाचा चामडी पट्टा करकरलेला स्पष्ट ऐकू आला. बंदिस्त नाट्यगृहात हे कधीही मिळणार नाही. त्या माणसाने जे केले त्यात एक रुपयाचाही खर्च नव्हता.

शौचालयांविषयी लिहिताना हात आखडता घेणार नाही. मैदानाच्या मागे फिरत्या शौचालयांच्या गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीला लोखंडी अरुंद पायऱ्या आणि दोन फुटांहून लहान दार. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माणसासाठी तेथे काहीही नव्हते. पुरुषांनी कनातीमागे जावे असे एकाने सुचवले. स्त्रियांनी काय करावे हे सुचवायला तो थांबला नाही. खेळ तीन तासांचा, त्याआधी प्रवेशासाठी तासभर, शिवाय दीपप्रज्वलन आणि मान्यवरांची भाषणे. परिणाम असा की आमच्यापैकी बहुतेक जण दुपारपासून पाणी पीत नाहीत, आणि मणक्याला इजा झालेल्यांना तर याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. गंमत म्हणावी की संताप यावा हे कळत नाही, पण त्याच क्रीडांगणाच्या पॅव्हेलियनमध्ये रुंद दाराचे, भिंतीला धरायचे दांडे बसवलेले, बाहेर उतार असलेले शौचालय आहे. त्याला कुलूप होते. किल्ली रखवालदाराकडे होती आणि रखवालदार नाटक पाहत होता.

बाहेर पडण्याची योजना नव्हती. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यामुळे शेवट घाईत होतो आणि सगळे मैदान एकाच वेळी उठते. आम्ही गर्दी ओसरेपर्यंत वरच बसून राहिलो. दारूकामाची ठिणगी कनातीवर पडली असती तर त्या आठ फुटी उतारावरून चाकांच्या खुर्च्या पाठमोऱ्या, एकेक करून, उतरवाव्या लागल्या असत्या. अग्निशमन दलाची गाडी हजर होती. आपत्तीत चाकाच्या खुर्च्या कोणत्या वाटेने न्यायच्या, असे मी तीन स्वयंसेवकांना विचारले आणि तिघांनीही “उचलू की” असेच सांगितले.

हे सारे उपकाराच्या खात्यात मांडायचे दिवस संपले आहेत, हेही आयोजकांनी ध्यानात घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याविषयीच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. मैदान सार्वजनिक असते, ते वापरायला परवानगी लागते, पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे ना-हरकत पत्र लागते. त्याच परवानगीत उताराचे प्रमाण, एक सुगम्य शौचालय आणि खुर्च्यांच्या जागांचा नकाशा या अटी घातल्या, तर मांडववाल्याला ‘एक स्टेज करून द्या’ असा मोघम निरोप देऊन भागणार नाही.

प्रयोगानंतर मी आयोजकांना मापांसह पत्र पाठवले. उत्तर लवकर आले आणि सविस्तर आले. पॅव्हेलियनचे शौचालय उरलेल्या प्रयोगांसाठी उघडण्यात आले, आडवा बांबू खाली घेण्यात आला. शेवटच्या प्रयोगाला गेलेल्या एका ओळखीच्या बाईंनी, ज्या स्वतः विजेवरची खुर्ची वापरतात, दोन्ही गोष्टी पाहून आल्याचे कळवले. उतार आठ फुटांचाच होता, त्यामुळे त्यांनी नाटक व्यासपीठाखालून, जमिनीवरून पाहिले.

हे महानाट्य आता इतर गावांना जाईल. चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी उताराची लांबी आणि व्यासपीठाची उंची फुटांत विचारावी, ‘व्यवस्था आहे’ या उत्तरावर थांबू नये. सोबत्याची जागा शेजारीच हवी हे लेखी घ्यावे. आणि शक्य असेल तर दुपारी उजेडात मैदानावर एक फेरी मारून यावी, कारण त्या वेळी मांडववाला तिथेच असतो आणि त्याच्या हातात हातोडाही असतो.